जोडणी

रात्री पावणेदोनला हैदराबादहून फोन :
बाहेर काहीच जात नाहीये.
सर्जेकोटच्या या माडीवर मी उठते.
मोबाईल खिडकीच्या गजाला बांधलेला,
रेंज तिथेच येते, खाडीकडून.

काळ्या पडद्यावर एकच ओळ लिहिते : गेटवे दाखव.
विचारलं तेवढंच सांगणाऱ्या माणसासारखं
उत्तर येतं, कंसात कंस.
सतरा अक्षरांची ओळख आहे,
मालकाचा नंबर आहे.
जोडणी :
आणि पुढे नुसते दोन कंस,
आतलं कुणी खाऊन टाकलेल्या तिसऱ्यांसारखे.

खाली जेटीवर बाबल भावोजी
बॅटरीच्या उजेडात होड्या लिहितायत.
नंबर, खलाशी किती, गेली कधी, आली कधी.
'सातेरी प्रसाद'पुढे गेली लिहिलंय.
भरती चढलीय, खाडीचं तोंड मोकळं आहे,
तरी त्याच्या शेजारचा रकाना कोरा.

दुपारी साफसफाईत कुणीतरी
गेटवे सोडवून ठेवला असणार,
पुसला नाही हे नशीब.
दुसरी ओळ लिहिते. जोडते.
पुन्हा विचारते, तर कंसात आता नेटवर्कचं नाव.
हैदराबाद म्हणतं, आलं आलं, थँक्यू, झोप तू.

फोन ठेवते, तो गजालाच राहतो.
पडद्यावर कर्सर लुकलुकतोय,
काहीही विचार म्हणतोय.

खाली भावोजींनी पान उलटलेलं नाही,
पेनाला टोपणही लावलेलं नाही.