बाधा

कमाटीबागेच्या मागच्या फाटकाशी
नीऱ्याची टपरी आहे. तिथल्या खिळ्याला
मी बुटांची जोडी नाडीने टांगते
आणि पळायला लागते.

एवढंच. पण एवढंच कुणाला पुरत नाही.

पहिल्याच आठवड्यात बाकावरची एक बाई म्हणाली,
"कंई बाधा राखी छे, बेन?"
गुजरातीत बाधा म्हणजे नवस.
आमच्यात बाधा म्हणजे लागलेलं काहीतरी,
मीठमोहऱ्यांनी उतरवायचं.
मी दोन्हींच्या मधोमध उभी राहून म्हटलं, हो.
तर तिने वाकून पायाला हात लावला
आणि तो मातीसकट स्वतःच्या कपाळाला.
मुलाच्या व्हिसाचं माताजीच्या कानावर घाला म्हणाली.
त्या दिवशी मी दोन फेऱ्या जास्त मारल्या.
व्हिसाचं पुढे काय झालं, विचारायचा धीर होत नाही.

दांडियाबाजारातले खांबेटे रेल्वेतून निवृत्त झालेत,
त्यांची मतं अजून नोकरीत आहेत.
जंत तळव्यातून आत शिरतो, म्हणतात,
आणि बोटाने हवेत त्याचा मार्ग आखतात,
प्रत्येक जंक्शनवर थांबत,
थेट माझ्या काळजापर्यंत.

रावपुऱ्यात निमेषचं बुटांचं दुकान आहे.
आमच्या घरच्यांपेक्षा बरं मराठी बोलतो.
"काकी, पोटावर पाय तर देताच आहात,
निदान बूट घालून द्या."
दहा पावलं मी हसत पळते,
मग दम लागतो.

लेक फोनवर म्हणाली, धनुर्वाताचं इंजेक्शन घे.
घेतलं. नर्सने विचारलं, काय लागलं?
म्हटलं, अजून काही नाही.
तिने रजिस्टरात काय लिहिलं कोण जाणे.

सगळ्यांना कारण हवं असतं, आणि मी देते:
डॉक्टरांनी सांगितलंय. टाच दुखते. बूट भिजलेत. नवस आहे.
खरं म्हणजे फेब्रुवारीत एकदा नाडी तुटली
आणि मी घरी परतले नाही.

वडाखालची माती गार. पुढे डांबर, कालचं ऊन धरून बसलेलं.
बँडस्टँडभोवती खडी,
तिच्यावर बावन्न वर्षांची बाई
बगळ्यासारखी पाय उचलत जाते
आणि शाळेची पोरं हसतात, हसू देत.
मग तो ओला पट्टा, जिथं तळव्यांना आधी कळतं
की माळी रात्री नळ बंद करायला विसरला.
जन्म गेला या गावात, पण गावाचा उतार
मला ठाऊक नव्हता:
सगळं किंचित विश्वामित्रीकडे कललेलं आहे,
जिथं मगरी कुणालाही काही न विचारता
ऊन खात पडलेल्या असतात.

झाडू मारणाऱ्या शनुबेननेही
सव्वा महिना काही विचारलं नाही.
ती अनवाणीच असते. तिला कुणी म्हणत नाही बाधा,
खांबेटे तिच्याशेजारून जंताशिवाय जातात,
आणि मीसुद्धा गेलेच की, रोज, घड्याळात बघत.
हे पळताना सुचत नाही. रात्री सुचतं,
पाय पांघरुणात असताना.

मग एका सोमवारी तिने झाडू आडवा धरला.
"लीमडा पासे काच हतो. में काढी नाख्यो.
पण झीणी करच रही जाय."
आणि मानेनेच खुणावलं, पाय दाखव.
मी टपरीचा खांब धरून
नाल ठोकायला बैल देतो तसा तळवा दिला.
तिने अंगठा दाबून पाहिला, टाचेला, मग चवड्याला,
आंबा पाहावा तसा.
"हजु काचो छे," म्हणाली,
आणि झाडायला लागली.

आता कडुलिंबाच्या अलीकडे मी हळू होते.
ती झाडू न थांबवता
कधी दोन बोटं दाखवते, कधी चार:
आज किती तुकडे सापडले.
काल मूठ मिटलेलीच होती.
मी तरीही हळू झाले.