माप

सुभाषनगरच्या गल्लीत स्कूटी लावते
तेव्हा कमावलेल्या कातड्याचा वास आधी भेटतो,
मग हरिबा व्हटकर,
बाजेवर आडवे, डावा पाय उशीवर,
जणू तो त्यांचा नाहीच, पाहुण्याचा आहे.

खिळा त्यांच्याच डब्यातला, अर्ध्या इंचाचा.
दोन दिवस टाचेत होता आणि त्यांना पत्ता नाही.
साखरेनं तळव्याची वाचा नेलेली.
गौरी यायला अजून महिना होता
आणि माजघरापासून मोरीपर्यंत
एकच पाऊल उमटत गेलेलं, लाल, डावं.
सून माधवी ओरडली तेव्हा ते म्हणाले,
कुणाचं गं?

मी येण्याआधी आत हळद भरून झाली होती,
विडीची राख, आणि कुणीतरी सांगितली म्हणून कॉफी.
तो सगळा बाजार धुवायला पहिला आठवडा गेला.

हात धुते. हातमोजे घालते.
जुनी पट्टी ओढत नाही, सलाईननं भिजवते, थांबते.
"बरोबर हाय," ते म्हणतात,
"कोरडं कातडं वढलं की फाटतंय."
मग दाढीचा आरसा टाचेखाली धरतात :
"रंग सांगा."
पिवळा आहे अजून, मधोमध.
कड काळी. ती डॉक्टर काढतील.
"माझी रापी हाय की."
काका, गप पडा.

दर गुरुवारी जखमेवर स्वच्छ प्लॅस्टिक ठेवून
पेनानं तिची कड काढते, खाली तारीख घालते.
पहिल्याच वेळी त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला.
"पेन तिरका धरलासा, सिस्टर.
तिरक्या पेनानं पाय हाय त्यापरीस मोठा निघतोय."
चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची पावलं काढलेला माणूस.
त्या दिवसापासून पेन उभा धरते,
दुसऱ्या घरांतसुद्धा.

मापं त्यांच्या ऑर्डरच्या वहीत राहतात.
गडहिंग्लजचे मास्तर, आठ नंबर, रुंद पंजा.
नवरदेव, कागल, कानवाली, करकर वाजली पाहिजे.
आणि मध्येच एक बदाम,
पुढच्या पानांआड जरा लहान बदाम.

मग एका गुरुवारी बदाम मोठा.
कुठं चालला होता?
कुठं न्हाई.
दुकानात गेला होता?
न्हाई म्हटलं की.
माधवी चहा ठेवायला आत गेली ती बाहेर आलीच नाही.
मी काही बोलले नाही,
दोन्ही प्लॅस्टिकं एकावर एक ठेवून खिडकीकडे धरली.
बराच वेळ बघत राहिले ते.
म्हणाले, लग्नसराईची ऑर्डर व्हती.

त्यानंतर बाजेवरच बसून त्यांनी एक जोड केला.
कापशी नव्हे, वेणी नाही, गोंडा नाही.
मऊ फोम, मागं पट्टा,
आणि डाव्या टाचेत जखमेच्या जागी
रापीनं तासून काढलेला खळगा,
वहीतल्या मापापेक्षा बोटभर मोठा.
डॉक्टरांनी दोनदा उलटून पाहिला.
"असली चप्पल आमच्या घराण्यात कुणी घातली न्हाई,"
हरिबा म्हणाले, लाजल्यासारखं.

आता आत लाल आहे, दाणेदार, ओलसर.
कडेनं गुलाबी कातडी सरकते आहे,
इतकी हळू की कागदाशिवाय दिसत नाही.
भरेल अजून दीड महिन्यात,
किंवा नाही भरणार. साखर कधी दोनशे, कधी तीनशे.

आज निघताना पिशवीतून वर्तमानपत्र काढलं :
कसबा बावड्याच्या अंजना लोहारांचा पाय,
उजवा, अंगठ्याखाली जखम,
पेन उभा धरून काढलेला.
त्यांनी चष्मा पुसला.
"बोट सुजलेलं हाय का ह्यांचं?"
हो, थोडं.
"मग सकाळचं माप चालायचं न्हाई.
संध्याकाळी परत काढा."