पाणी बंद : नऊ ते एक

नोटीस मीच चिकटवली, खळ लावून,
जिन्यात, संडासाच्या दारावर, एचओडींच्या केबिनबाहेर.
मे महिना. बाहेर शेहेचाळीस.
इमारत रिकामी करता येत नाही, असं ठरलं,
म्हणजे बंडी चालू ठेवून चाक बदलायचं.

तळमजल्यावर ड्रिल,
वर बीएस्सीची प्रॅक्टिकल परीक्षा.
ब्युरेट थरथरतं, थेंब आपसूक सुटतो,
फ्लास्क गुलाबी होतो
आणि पोरगी माझ्याकडे पाहते,
मामा, हा थेंब माझा धरायचा की ड्रिलचा?

नकाशा कोणाकडेच नाही.
बांधकाम विभागात एक निळा कागद होता,
वाळवीनं ठेवला त्यावर
फक्त उत्तरेचा बाण.

म्हणून रायभान उईके, देवलापारचा,
पान्यानं ठोकतो, पाइपाला कान लावतो.
हा मेला आहे.
हा जिता आहे.
हा जिता आहे, पण कोणाचा ते समजून नाही राहिलं.

तिसऱ्या मजल्यावरून अस्मिता ढवळे खाली आली,
पीएचडीचं पाचवं वर्ष,
हातात मी चिकटवलेली नोटीस, कोपरा फाटलेली.
पन्नास तास झाले उकळी चालू आहे, म्हणाली, अजून बावीस.
कंडेन्सरचं पाणी तुटलं की तीन महिने गेले.
रडली नाही. नुसती उभी राहिली,
ड्रिल बंद झालं.

उईकेनं विचारलं, धार केवढी लागते?
तिनं करंगळी दाखवली.
एवढीच? मंग काहून घाबरून राहिल्या बाई,
कूलरचा पंप लावून देतो ना.

स्टोअरमधून पंप काढायला तीन सह्या लागतात.
एचओडी मीटिंगला गेले होते.
केबिनची किल्ली माझ्याकडे असते.

एक बादली, रबरी नळी,
रसवंतीवरून अर्धी लादी बर्फ, गोणपाटात गुंडाळून.
पंप गुरगुरला, नळीतून गार पाणी वर चढलं,
आणि काचेच्या आत वाफ पुन्हा थेंब होऊन
खाली उतरू लागली, जशी पन्नास तास उतरत होती.

साडेअकराला सर आले. घामाघूम.
म्हणाले, कूलर नुसती झळ फेकतोय आज.
मी म्हटलं, सर, पाणी बंद आहे ना.
नऊ ते एक.

मग सात नंबरच्या सिंकखालचा बेंड उघडला.
गाळ, काड्या, बांगडीचा तुकडा,
आणि तळाशी काहीतरी जड, चमकणारं, हललं.
उईकेनं बोट पुढं केलं.
हात नको लावू, मी ओरडलो.

पारा.
एकतीस वर्षांची फुटलेली थर्मामीटरं.
ज्यांचे दंड भरले गेले ती,
आणि 'सर, मला मिळालंच नव्हतं' वाली,
सगळी एकमेकांत मिसळून एकच झालेली.

त्यातलं एक माझं.
नवा होतो, फडकं मारताना टेबलावरून गेलं.
रजिस्टरात मी बोपचेचं नाव लिहिलं,
तुमसरकडचा, बोलायला भिणारा पोरगा.
साठ रुपये.
त्यानं सही केली. वर मला विचारलं,
मामा, माझ्यानं कधी फुटलं?

बाटलीत भरला, वरून पाणी ओतलं, झाकण घट्ट केलं.
लेबलवर तारीख लिहिली, वजन लिहिलं.
नावाचा रकाना होता.

एक वाजता व्हॉल्व्ह उघडला.
आधी हवा आली, सगळे नळ खोकले,
मग चहासारखं गढूळ,
मग बराच वेळ तसंच.

पंप अजून वरच आहे. बावीस तास म्हणाली होती.
सरांनी आज ओला टॉवेल आणला आहे.
उईके नवा नकाशा काढून घेतोय इंजिनिअरकडून,
बोटानं दाखवतो, हा इथून, हा तिथून.
त्या एका जित्या पाइपापुढे
इंजिनिअरनं प्रश्नचिन्ह काढलंय,
उत्तरेच्या बाणाच्या शेजारीच.