संत्रं म्हटलं तरी चालेल

पाचपावलीच्या अंगणवाडीत तीन मीटरची दोरी
मी फरशीवर सोडते.
एका टोकाला लाल प्लास्टिकची खुर्ची,
दुसऱ्या टोकाला मी आणि तक्ता.
तक्त्यावर चारच चित्रं, लहान लहान होत जाणारी :
घर, सफरचंद, गोल, चौकोन.
दूरदेशी कुणीतरी मोजूनमापून काढलेली.

इथली पोरं सफरचंदाला संत्रं म्हणतात.
गोल म्हणजे पोळी. चौकोन म्हणजे कूलर.
आणि घर?
"ते त देऊळ आहे नं, मॅडम."
मी सगळ्यांना बरोबरची खूण करते.
दर वेळी तेच नाव आलं की झालं,
दिसतंय, एवढंच मला हवं असतं.
चार वर्षांचा वेदांग सोरते
संत्रं, कूलर, संत्रं, पोळी करत शेवटच्या ओळीपर्यंत धावला
आणि वर मलाच विचारलं, वाढणार कधी?

मग कडेवर पोर घेऊन प्रणोती धकाते.
पोर चौदा महिन्यांची.
"बोलत नाही अजून. काय सांगन ते तुम्हाले?"

सांगते हो.
ज्याला प्रश्न कळत नाही त्याला विचारायचं
आणि उत्तर आलं की ओळखायचं,
या वयाला माझं काम एवढंच.

डावा डोळा तळव्याने झाकला.
ती खुळखुळा चावत राहिली.

उजवा झाकला.
आधी थबकली. मान वळवून माझ्या हाताच्या कडेने
वाट शोधली.
मग हात ओरबाडला. मग रडली,
अशी रडली की आतून खिचडीचा झारा घेऊन
मदतनीस पळत आली.

पुन्हा डावा : गप्प.
पुन्हा उजवा : आकांत.
फॉर्मवर रडण्याला रकाना नाही.
मी समासात लिहिलं.

मग टॉर्च.
निनावेबाईंनी खिडकीवर सतरंजी धरली.
उजव्या बाहुलीत तांबूस उजेड, फुंकर घातलेल्या निखाऱ्याचा.
डाव्या बाहुलीत मळका.
पांढरा नाही. पांढरा नाही,
मी स्वतःला दोनदा सांगितलं.
पांढरा एकदा पाहिलाय, कामठी रोडला,
त्याबद्दल आज नको.

"थोडी चकणी आहे," आई म्हणाली,
"सासू म्हणते, भाग्याची असते."
भाग्याविषयी मी काही बोलले नाही.
म्हटलं, मेडिकलला जा, थेंब टाकून बघतील.
बहुतेक चष्मा लागेल.
मग चांगला डोळा रोज दोन तास झाकायला सांगतील.

"चांगला?"
"चांगला."

ती बराच वेळ पोरीकडे बघत राहिली.
"म्हणजे कमावत्याले कोंडून ठेवायचं
अन् बसून खाणाऱ्याले कामाले लावायचं."

इतकी वर्षं पत्रकं वाटतेय,
हे वाक्य एकातही नाही.

माझा डावा डोळा अकराव्या वर्षी सापडला.
तोवर मला वाटायचं, सुईच्या नाकाशी
सगळ्यांचाच दोरा असा शेजारून जातो.
आई डाफरायची : कोष्ट्याची पोर, अन् सुई ओवता येईना?
डॉक्टरांनी चष्मा दिला, पाठीवर हात ठेवला,
म्हणाले, शिकायचं वय गेलं याचं.
डोळा कुठे बिघडला होता?
त्याला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं.

तीन महिन्यांनी पुन्हा तीच फरशी, तीच सतरंजी.
कानामागून इलॅस्टिक बांधलेला चष्मा,
उजव्या काचेवर पट्टी,
पट्टीवर स्केचपेनने काढलेली मांजर. मिशा एकाच बाजूला.
"पहिले आठ दिवस दोघी रडलो," प्रणोती म्हणाली.

मी सतरंजीवर मुरमुरे सोडले.
पोरीने वाकून चिमटीत धरला
सतरंजीवर छापलेला पांढरा ठिपका.
उचलेना. नखाने खरवडला.
मग दुसरा, तोही छापलेला.
निनावेबाईंचा हात पुढे येत होता,
मी धरून ठेवला.

तिसरा उचलला.
तोंडात टाकला, आणि चावता चावताच
चौथ्याकडे वळली.