पदरचं

बेळगावात, खडेबाजारात, रेनकोट आणि बॅटऱ्यांच्या मधे
काचेमागं ती दिसली मला. चेटकीण.
चौदा तबकड्यांच्या खोक्यावर,
कानातलं डूल चिमटीत धरून.
संपूर्ण मालिका, प्रथमच घरच्या घरी.
नऊशे नव्याण्णव. घासाघीससुद्धा केली नाही.

हत्तरगीपर्यंत खोकं मांडीवर.
शेजारची म्हणाली, एन री इदु?
म्हटलं, माटगाती.
ती थोडी सरकून बसली.

तेव्हा निपाणीत, दर गुरुवारी रात्री,
अक्कोळ रोडच्या दस्तगीरच्या दुकानात
दुरुस्तीला आलेला कुणाचातरी टीव्ही असायचा.
शुक्रवारच्या आत तो कधी बरा झाला नाही.
पायरीवर विडीच्या बायका,
मांडीवर सूप, बोटांना दोरा,
अंगाला वखारीचा वास;
शिंकासुद्धा पाटी पडायच्या आधी उरकून घ्यायच्या.

चेटकीण हिंदी बोलायची.
बायका अर्ध्या मराठी, अर्ध्या कन्नड,
हिंदी फक्त आम्हा दोघींना, तीही शाळेतली.
मी इकडं मराठीत सांगायची,
शिवलीला तिकडं कन्नडमध्ये.
म्हणून हसू तीनदा यायचं:
आधी टीव्हीतल्या न दिसणाऱ्या माणसांचं,
मग आईच्या बाजूचं,
मग, पडद्यावर भलतंच काही चाललेलं असताना,
निंगव्वाच्या बाजूचं.
तेच सगळ्यात मोठं,
कारण शिवलीला पदरचं घालायची.

डूल ओढलं की भांडी आपोआप घासली जायची.
आई म्हणायची, हिला हजार विड्या वळायला लावा,
मग बघू मुकादम किती छाटात काढतोय.

एका भागात नवरा तिला म्हणतो, जा.
ती बॅग भरते.
मी आईकडं बघितलं.
बाबा सुरतेला जाऊन चार महिने झालेले, पत्र नव्हतं.
मी म्हटलं, तो माफी मागतोय.
शिवलीलानं एकदाच माझ्याकडं बघितलं
आणि कन्नडमध्ये
तेच सांगितलं.

काल भाच्याच्या जुन्या प्लेयरमध्ये तबकडी घातली.
आता रंग भरलेत.
साडी जांभळी निघाली,
आम्ही चार वर्षं हिरवी म्हणून भांडलो.
भाषा निवडा: हिंदी, इंग्रजी.
खाली अक्षरं: इंग्रजी.
बास.
हसू एकदाच येतं, तेच, न दिसणाऱ्यांचं,
आणि पुढं जागा रिकामी राहते.
दस्तगीरच्या दुकानात मोबाईलची कव्हरं टांगलीत.
निंगव्वा गेली. शिवलीला दिली हुक्केरीला.

सातव्या तबकडीवर तो भाग आला.
नवरा म्हणाला, जा.
इतकी वर्षं टीव्ही बघून आईला आता हिंदी कळते,
हे माझ्या ध्यानातच नव्हतं.
ती गेली. दार. मग नावं वर सरकायला लागली.
मी रिमोट शोधत राहिले, हातातच होता.

"चुकीचं हाय हे," आई म्हणाली.
"कुणी बदललं?"
बोटं गुडघ्यावर,
पान नाही, दोरा नाही, तरी गुंडाळत होती.
"आवाज बंद कर. तू सांग.
आणि थांब,
आधी शिवलीलाला फोन लाव."