सुपातला समुद्र

समुद्र मी करायचो.
बांबूच्या सुपात दोन मुठी वरी,
डावीकडे कलवली की लाट,
सावकाश मागे ओढली की ओहोटी.
खरा समुद्र स्टुडिओपासून सायकलने दहा मिनिटांवर, मांडवीला.
एकदा मशीन तिकडे नेऊन टेप करून आणला.
कानाला हेडफोन लावून मोरेश्वर नेवरेकर म्हणाले,
"कोणीतरी भजी तळतोय."
तेव्हापासून त्यांच्या नाटकांत
समुद्र माझाच.

जैतापूरला तारखात्यात होते.
शब्दामागे पैसे पडतात, ही शिस्त तिथली.
त्यांची पात्रं कधी
"मला असं वाटतं की" म्हणाली नाहीत.
"बापू गेला. ये."
एवढ्यावर पहिला अंक पडायचा,
आणि मागच्या रांगेतून कोणी ओरडायचं,
मास्तर, दोन रुपये घेतलेत, जरा बोलू तरी द्या!

माशांच्या पेट्यांवर फळ्या टाकून रंगमंच.
खाडीच्या वाऱ्याने पडद्यावरचं जंगल
अर्धं फाटलेलं, उरलेलं झाड सुतळीने बांधलेलं.
अनसूयेचं काम दामू भाटकर करायचा, होडीवरचा तांडेल,
वाऱ्यावर ओरडून ओरडून बसलेला आवाज,
हातांना सुक्या बांगड्याचा वास.
स्पर्धेत प्रकाशयोजनेचं तिसरं बक्षीस मिळालं.
त्या दिवशी अर्धा अंक वीज नव्हती.

अनसूया तार उघडते. वाचते.
चुलीवरच्या पेजेवर झाकण ठेवते.
बसते.
दीड मिनिट. एक शब्द नाही.
जैतापूरच्या पटांगणात
शेंगदाणे सोलणारेसुद्धा थांबले होते.

तेच नाटक रेडिओवर घ्यायचं ठरलं तेव्हा
निर्माते म्हणाले, शांतता चालणार नाही.
लोक रेडिओला थापट्या मारतात,
वरून फोन येतो, केंद्र बंद पडलं काय?
नेवरेकरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
बराच वेळाने म्हणाले,
"मग पेज उकळू दे."

मी पेल्यात नळी घालून फुंकत राहिलो.
डाव्या हाताने पितळी झाकण, हलकेच, कडेवर.
नव्वद सेकंद. माझे गाल दुखले.
पत्रं आली सदतीस.
गुहागरच्या एका बाईंनी लिहिलं होतं,
मी उठून माझ्याच चुलीवरचं झाकण बघून आले.

अनसूया आता शाळेतल्या कुमुदिनी बाई.
शेवटी त्या हुंदका द्यायच्या, छान द्यायच्या.
दामूने होडीत बसून ऐकलं, जाळी विणत.
दुसऱ्या दिवशी बाजारात नेवरेकरांना गाठलं,
"ती रडली. मी खंय रडलंय?"
पुनःप्रक्षेपणाआधी
त्यांनी हुंदका लाल शाईने खोडला.
मानधनाचा चेक पंचेचाळीस रुपयांचा,
त्यातले पाच दामूच्या चहात गेले असावेत.

मग टेपा कमी पडू लागल्या.
जुन्यावर नवं चढवायचं, हुकूमच होता.
त्यांची एकवीस नाटकं
भातावरचा करपा, आंब्यावरचा तुडतुडा
आणि बाजारभाव यांच्याखाली गेली.
मीच चढवलं. सही माझी आहे.

निवृत्तीच्या आठवड्यात कपाट आवरताना
एक स्पूल लावून बघितलं.
मच्छीमारांसाठी इशारा. ताशी पन्नास किलोमीटर वारा.
होड्या समुद्रात नेऊ नयेत.
बातमी संपली, फीत संपली नाही.
खाली माझं झाकण खडखडत होतं,
आणि अगदी जवळून, कुजबुजत,
"अजून. अजून थोडं."

एसटीने जैतापूर.
ओटीवर बसले होते, दोन्ही कान गेलेले.
मशीन मांडीवर ठेवलं, बटण दाबलं.
चाकं फिरताना बघत राहिले.
मी पाटीवर लिहिलं, पेज.
त्यांनी विचारलं, "किती सेकंद उरलेत?"
मी लिहिलं, अकरा.

"कमी पडले,"
म्हणाले, आणि आत बघून
दोन कप चहा सांगितला.