गुलाबी वाम

पेरन म्हणाला, बांगडे आलेच नाहीत या आठवड्यात,
तेव्हा आज रबर.
आणि माझ्या तळहातावर ठेवली एक हिरवी वाम,
बोटाएवढी, आरपार दिसणारी, पोटात चमकी भरलेली,
शेपटीला चमच्यासारखं टोक.
वास खोडरबराचा.
मी हसले. त्याने ते मनावर घेतलं नाही.
वय एकोणीस. त्याची पहिली दुधाची दाढ
मीच कापसात गुंडाळून त्याच्या हातात दिली होती.

मेव्हागिसीचा धक्का मागे पडला तेव्हा उजाडत होतं.
'ग्वेनल'वर आम्ही सहा जण:
ब्रिस्टलचे चार प्लंबर, त्यांच्यातल्या एकाचा सासरा,
आणि मी, एकतीस वर्षं दातांच्या दवाखान्यात
खुर्चीच्या डाव्या बाजूला उभी राहिलेली.

सतरा मैलांवर, खाली, कोळशाचं एक जहाज आहे,
कुठल्याशा युद्धात बुडालेलं. कुठल्या, ते पेरनला ठाऊक नाही.
पडद्यावर नुसतं टेंगूळ दिसतं,
आणि टेंगळावर घोंगावणारे ठिपके. पोलॅक.

"सरळ घाला, मिसेस नॅन्कॅरो.
तोंडातून आत, पाठीच्या बरोबर मध्यावर बाहेर.
वाकडा बसला तर ती गिरक्या घेते,
आणि गिरक्या घेणारी वाम कोणी पाहिलीय?"
पहिली वाकडी.
दुसरी वाकडी, शिवाय अंगठ्यातून रक्त.
तिसरीला मी गळ हिरडीतल्या सुईसारखा धरला
आणि तो गेला, जिथे जायचा तिथे.

शिसं सोडताना घाई नको.
घाई केली की लांब दोरा स्वतःचीच वेणी घालतो.
रिळावर अंगठा, दोरा सुटतोय, सुटतोय,
टक्.
तळ.
खरा मासा लावून मी आयुष्यभर वाट बघत आले.
रबराला वाट बघणं जमत नाही.
फिरवायचं. एक, दोन, तीन, एकाच चालीत,
पंचवीस झाले की पुन्हा खाली.

पहिल्या खेपेला जहाजानेच धरली. तुटली.
"खाली शेकडो असतील अशा," पेरन म्हणाला.
"कुजत नाहीत ना."
हे त्याने पाण्याकडे बघत म्हटलं,
मग खिशातून गुलाबी काढली.

दुसऱ्या खेपेला, अकराव्या वेढ्याला,
कुणीतरी शेपटी चिमटली.
मी थांबले.
खाली तोही थांबला असणार, नीट बघायला.
गेला.
"थांबलात कशाला?"

कशाला खरंच.
खोटं बोलावं तर रेटून बोलावं, हे मला कोणी शिकवावं?
"दुखणार नाही हं, बाळा."
डॉक्टर रोझवॉर्न सांगायचे, हे वाक्य म्हणताना
मध्ये श्वास घ्यायचा नाही.
मुलं श्वास ऐकतात.

आठ. नऊ, चिमटा. दहा, चिमटा.
अकरा. माझा हात माझा नाही.
बारा,
आणि काठीचं टोक पाण्यात,
रीळ किंचाळतंय, तो जहाजाकडे निघालाय
घरी निघाल्यासारखा.
"काही करू नका! ब्रेक मी सकाळीच लावलाय, धरा नुसतं!"
मी धरलं. प्लंबरांचा सासरा उगाचच माझा पट्टा धरून उभा.

वर आला तो पितळी रंगाचा, डोळे मोठे,
पोटातली पिशवी फुगून घशापर्यंत आलेली.
सोडूया का, मी विचारलं.
"इतक्या खोलातून आलेला परत जात नाही," पेरन म्हणाला.
"म्हणून माणशी दोन. मग घर."
प्लंबर कुरकुरले. त्याने इंजिन चालू केलं.

संध्याकाळी सिंकमध्ये पोट फाडलं.
आत चार वामी, खऱ्या,
राखाडी, अर्ध्या विरघळलेल्या,
एकीचा डोळा शाबूत.
त्यांच्यात फसवण्यासारखं काहीच नव्हतं.
जबड्याच्या कोपऱ्यात गुलाबी मात्र
सकाळइतकीच ताजी.

पक्कड घेतली, दिवा जवळ ओढला.
"आ कर," म्हणाले सवयीने.
पुढचं वाक्य म्हटलं नाही.